ताईचे फेब्रुवारीचे आकडे

९ मार्च
आज वेधशाळेत कामावर गेलो. ताई जाऊन दहा दिवस झाले. अँटेनाची एक तार सैल होती, ती ताणली. ताई आकडे वाचायची त्या खोलीत गेलो नाही.
साहेबांनी बोलावलं. तुमच्या बहिणीची फेब्रुवारीची वाचनं रद्द करू, संगणकाची घालू, म्हणाले. "शेवटी हात थरथरत होता हो बाईंचा. बारा तारखेला भर दुपारचा आकडा सव्वाचार लिहिलाय. रोज नऊ असतो."
"हात थरथरत होता. डोळे नाही."
एकवीस वर्षांत साहेबांना उलट बोललो नव्हतो.
"मग दाखवा," म्हणाले. "येत्या सोमवारपर्यंत."

१० मार्च
यंत्र दर तासाला वर रेडिओलहरी सोडतं. त्या वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरावर, आयनांबरावर, आपटून परत येतात, त्याचं चित्र उमटतं. कितव्या वारंवारतेला त्या परत यायच्या थांबल्या, तो आकडा ताई वाचायची. थर दाट तर आकडा मोठा. यंत्र मी सांभाळायचो, वाचायची ती. आता मला वाचायचंय.

११ मार्च
नऊ दिवसांची चित्रं झाली. डोळे चुरचुरतात. बायको म्हणाली, "वन्सं असत्या तर दटावून आधी ताटावर बसवलं असतं."

१३ मार्च
सापडलं. अकरा फेब्रुवारीच्या संध्याकाळी भूचुंबकीय वादळ सुरू झालं होतं – चुंबकमापकाची रेघ पिसाळल्यासारखी. वादळात वरची हवा तापते, खालचे जड वायू वर चढतात, थर विरत जातो. म्हणून सव्वाचार! संगणकाने चित्रात घुसलेली कुठल्याशा रेडिओ केंद्राची उभी रेघ धरून नऊ ठोकलंय.

१६ मार्च
साहेबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "हट्टी होत्या बाई," म्हणाले. सही केली. ताईचा महिना राहिला.

१७ मार्च
उरलेले दिवसही वाचून टाकावेत म्हटलं.
अठरा फेब्रुवारी. दुपारी बारा, एक, दोन. आकडे ताईच्या अक्षरात – चित्रं नाहीत.
त्या दिवशी फ्यूज बदलायला यंत्र मीच बंद केलं होतं. तेवढ्यात तिला भोवळ आली. डॉक्टरकडे नेलं. तीनला परतून यंत्र सुरू केलं, माझ्या वहीत लिहायचं राहिलं. तिने शेजारच्या दिवसांवरून आकडे भरून माझी चूक झाकली. अवाक्षर बोलली नाही.

१८ मार्च
तिचे तिन्ही आकडे खोडले. पुढे लिहिलं – यंत्र बंद, चूक माझी. सही केली. ताईची वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते यायला तास होता.
आजचं सकाळी आठचं चित्र वाचायला घेतलं.