महिषासुरास मिळालेली पसंती

२१ फेब्रुवारी, वेल्हे.
देवीच्या सभामंडपात, मूर्तीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, माझा महिषासुर आज पूर्णत्वास गेला. भोरला चोवीस वर्षे चित्रकला शिकवताना ज्या भयानक रसाची केवळ व्याख्या लिहून दिली, तो साक्षात अवतरला. गुरव रखमाजींनी एकदा देवीकडे, एकदा चित्राकडे पाहिले. मग पुसते झाले : सर, ह्या दोघांत जिकलं कोन म्हनायचं? अभिजात कलेपुढे सामान्यांची वाणी अशीच अडखळते.

२३ फेब्रुवारी.
आरतीस नऊ माणसे. सर्वांची पाठ देवीकडे, तोंड चित्राकडे. याहून मोठी दाद कोणती? कारण पुसता एक म्हातारा म्हणाला, त्येच्याकडं पाट कराया जीव धजत न्हाई.

२५ फेब्रुवारी.
रखमाजींची पत्नी फुलाबाई म्हणते, झाडताना त्याचं डोळं मागं मागं येत्यात. तो दृष्टिभ्रम आहे, हे तिला सविस्तर समजावले. समजावताना मीही भिंतीकडेच तोंड करून होतो. तिथे उजेड बरा असतो.

२८ फेब्रुवारी.
कमिटीचे अध्यक्ष हनुमंतराव सांगून गेले : मंगळवारी देवीला कौल लावणार. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवायची. उजवी पडली तर चित्र राहील, डावी पडली तर चुना. सौंदर्यशास्त्राचा निवाडा कळ्यांनी करावा! संकल्प : कदापि उपस्थित राहणार नाही.

४ मार्च, सकाळी ८.
पहिल्या एसटीने भोरहून परत आलो. निव्वळ अभ्यासक म्हणून.

दुपारी १२.
एकही कळी पडलेली नाही. मंडपात सत्तर माणसे. वारा नाही. बादलीत चुना भिजतो आहे; मधूनच एक बुडबुडा फुटतो, तेवढाच आवाज.

१२.४०.
डावी कळी हलली. मी तत्त्वतः अज्ञेयवादी. पाच नारळ बोललो.

१.०५.
उजवी पडली! पंचक्रोशीत एक तरी सहृदय रसिक निघाली.

६ मार्च.
हनुमंतराव म्हणाले : देवीचा सबुद मोडायचा न्हाई, सर. तिनं ऱ्हाऊ द्या म्हनलंय. आमी बगायचं, असं काय म्हनली न्हाई. सबब चित्रापुढे भांड्यांचे लोखंडी कपाट. मी तीव्र निषेध नोंदवला. कपाट जड, चौघांना हलेना. एकाएकाला दम लागला, तो भिंतीकडे न पाहता बाहेर जाऊन बसला.
शेवटचा रेटा माझा होता.