वेलबुट्टीतला ळ

जळगाव, ता. ६ एप्रिल १९५३

भडगाव मुक्कामी तीर्थस्वरूप झुलालमामांच्या चरणी भाचा गिरधरचा दंडवत. मामींच्या गुडघ्याला उतार पडला असावा. इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत. फक्त आमच्या थोरल्या सुमनचं लग्न अंथरुणाला खिळलं आहे.

कारणही खिळेच, म्हणजे आपला वेलबुट्टी टाइप. तुम्हीही छापखानेवाले, त्याचा स्वभाव जाणताच. अक्षराच्या टोकाटोकाला पान, शिरोरेघेच्या शेवटी वळलेली डहाळी. नुसता 'श्री' जुळवला तरी अर्धी पत्रिका सजते. गडी मिरवणारा आणि कामाला निवडक. लग्नाला, जलशाला, केसांच्या तेलाच्या लेबलाला शोभतो. (एकदा उत्तरकार्याची पत्रिका त्यात छापली, तर घरचे रडता रडता खूश झाले.) साध्या टाइपातली पत्रिका लिलावाच्या नोटिशीसारखी दिसते, आणि पोटच्या मुलीचं लग्न तसं छापणं माझ्याच्यानं होईना.

अडचण एवढीच, की या टाइपात माझ्याकडे ळ चारच होते आणि ते केळीवाल्यांच्या जाहिरातींनी पार झिजवले. (हे पत्र हातानं लिहितोय, म्हणून ळ मुबलक आहेत.) आमचा जुळारी सुकदेव यावलकडचा. ळ संपला की तो शांतपणे य लावतो, कारण त्याच्या गावी केळीला केयीच म्हणतात. बाजारातून आजवर एक तक्रार नाही. सुमनच्या पत्रिकेतही त्यानं तेच केलं. 'सकायी', 'सोहया', वराचं गाव 'धुये', आणि खाली 'बायगोपायांसह अगत्य यावे'. प्रूफ मी तीनदा वाचलं. मीही यावलकडचाच, मला काही खटकलं नाही.

व्याही रुपचंद मास्तर मात्र तीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी लाल शाईचे अकरा गोल काढून पत्रिका परत पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: "पत्रिकेत ळ येईपर्यंत धुळ्याहून वरात येणार नाही." मी जाऊन माफी मागितली. चहा मिळाला, शब्द मिळाला नाही. तीन दिवस झाले, सुमन माझ्याशी बोलत नाही. जेवते, पण पाठ करून. चूक माझी आहे आणि मला तिचं फार वाईट वाटतं.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

आपला,
गिरधर

ता. क. : धुळ्याचा तो छापखाना मोडला तेव्हा हा टाइप आपण तराजूवर निम्मानिम्म वाटून घेतला. वजन चोख होतं, पण ळ बहुतेक सगळे तुमच्या पोत्यात गेले. अकरा ळ उद्याच्या मोटारीनं पाठवा.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच सुमननं नवऱ्या मुलाचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मास्तरांचा मुलगा लिहितो, 'तुझी वाट पाहून डोये थकले.' हे मास्तरांना दाखवू का, असं मी विचारलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "नका दाखवू आप्पा. मले तेच घर पायजे." तेव्हा मामा, ळ बारा पाठवा. बारावा जावयाला आहेरात देतो.