खानवेलची केळी

सिल्वासा,
रविवार, दुपार

प्रिय जुई,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. हेच फोनवर सांगायला गेलो असतो तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण झालं असतं, आणि मेसेज केला असता तर तुझ्याआधी वरुणने वाचला असता. त्याने वाचायलाही माझी ना नाही. पण आधी तू वाच.

तुमच्या दोघांच्या नोट्स इथे येऊन पोहोचल्या. पोहोचल्या कसल्या, त्यांनी धुमाकूळ घातलाय. कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक इंटर्नच्या मोबाइलमध्ये त्या आहेत. त्यातलं 'दुधनीचा रस्ता' हे पान तर कुणीतरी मोठं छापून हॉस्टेलच्या जिन्यात चिकटवलंय. बंद पडलेलं हृदय चालू करताना शोधायची कारणं, आणि ती लक्षात राहावीत म्हणून सिल्वासा ते दुधनी अशी सफर. खाली ओळ आहे : लेखन डॉ. जुई, चित्रं आणि कल्पना डॉ. वरुण. चित्रं सुरेख आहेत, ते मान्य. पण कल्पना त्याची? तो कधी दुधनीला आलाय का? धरणाचं पाणी त्याने असतं तसं मातकट नाही, पार निळंशार रंगवलंय. माझ्या स्कूटरच्या जागी बुलेट काढलीय. ती स्कूटर चढ आला की तुला खाली उतरवायची, हे त्याला कुठून माहीत असणार.

मला हेवा वाटतो, जुई. आडून आडून कशाला बोलू? तुमच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले तेव्हा इतकं लागलं नव्हतं. तू एमडीला पुण्याला गेलीस, मी इथे कॅज्युअल्टीत नोकरीला लागलो, बोलणं कमी कमी होत थांबलं, हे मी कधीच पचवलं होतं. पण तो रस्ता आपला होता. फायनलच्या आधी तुझं वाचनात लक्ष लागेना, म्हणून आपण पुस्तकं टाकून निघालो होतो. रखोलीला कारखान्यांजवळ तू ओढणी नाकाला लावलीस आणि मागून ओरडून म्हणालीस, की हे झालं प्राणवायू कमी पडणं. मग प्रत्येक गोष्टीला एकेक कारण चिकटवायचा तुला नादच लागला. तुझी बाटली पिशवीत सांडून रिकामी झाली, ते अंगातलं रक्त-पाणी कमी होणं. पंक्चरवाल्याने चाकात एवढी हवा भरली की तू कान झाकलेस, ती छातीत कोंडलेली हवा. दुधनीला होडीत बसताना मी तुझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, तेव्हा म्हणालीस, हृदयाभोवती पाणी साचलं की त्यालाही असंच वाटत असणार. येताना तू कुडकुडत होतीस, ते अंग गार पडणं. अंगावर जॅकेट माझं होतं. तुमच्या नोट्समध्ये ते 'मित्राचं जॅकेट' झालंय. ठीक आहे, मित्राचं तर मित्राचं.

ते पान मी इतक्यांदा वाचलं की शेवटी लक्षात आलं, यात खानवेल नाहीच. खानवेलच्या वळणावर कोंडाबाई केळ्यांची पाटी घेऊन बसायची, आठवते ना? रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं, त्याला केळ्यांहून सोपी खूण कुठे मिळणार? तू केळं सोलून तोंडात घातलंस आणि तेवढ्यात तिने विचारलं, "लगीन झालं का गं तुमचं?" मी स्टँडवर स्कूटर चढवायचं निमित्त करून खाली बघत राहिलो. आणि तू भरल्या तोंडाने म्हणालीस, "व्हायचंय." कोंडाबाईने खूश होऊन एक केळं वर दिलं. माझं पोटॅशियम पाठ झालं ते तुझ्या त्या एका शब्दामुळे.

आता तुमची बुलेट रखोलीवरून थेट धरणावर जाते. पोटॅशियम तुम्ही पानाच्या तळाशी बारीक टायपात टाकलंय, 'हेही तपासा' म्हणून. वरुणला रस्ता सांगताना तू ते वळण गाळलंस, की तू सगळं सांगितलंस आणि त्याने ते पुसलं, याचा मी बराच विचार केला. तू गाळलं असशील तर जास्त वाईट वाटेल, असं मी ठरवलं आणि वाईट वाटून घेतलं. काही दिवस वॉर्डात माझ्याशी कुणी बोलायला येत नव्हतं.

मग परवा भिका आला. सूत गिरणीत काम करणारा, तिशीतला माणूस. स्ट्रेचरवरून खाटेवर घेतानाच त्याचं हृदय थांबलं. आमचा इंटर्न ललित, नंदुरबारकडचा, हुशार पोरगा, छातीवर दाब द्यायला लागला आणि एकीकडे तुमचा रस्ता मोठ्याने म्हणत होता. धूर, बाटली, हवा, पट्टे, जॅकेट, एकही थांबा चुकला नाही. मॉनिटरवर काही हलेना. घामाघूम होऊन तो म्हणाला, "सर, रूट पुरा झाला. काहीच नाही भेटलं." माझी नजर भिकाच्या हातावरच्या फुगलेल्या शिरेवर गेली. डायलिसिसचा हात. दाराशी उभी असलेली त्याची बायको रडत सांगत होती, की गावाला लग्नाला गेलो होतो, डायलिसिस राहून गेलं. डायलिसिस चुकलं की पोटॅशियम अंगात साचतं. मी म्हणालो, "केळी." ललितला वाटलं माझं डोकं फिरलं. मी त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम मागवलं, स्वतः दिलं, आणि थोड्या वेळाने त्याची नाडी हाताला लागली.

भिका आता उठून बसतो, बायकोशी भांडतो. पण तुला खरं सांगतो, ललित तोंडात मारल्यासारखा बघत होता तेव्हा, माणूस अजून खाटेवर निपचित पडलेला असताना, मला क्षणभर बरं वाटलं. वरुणचं पान चुकलं म्हणून बरं वाटलं. नंतर हात धुताना स्वतःचीच किळस आली.

ललितचं काही चुकलं नव्हतं. त्याला ज्या रस्त्याने पाठवलं त्या रस्त्याने तो गेला. असे ललित आता गावोगावी आहेत, आणि सगळ्यांच्या शेजारी केळी माहीत असलेला कुणी उभा नसेल. म्हणून हे पत्र. नोट्सची नवी आवृत्ती काढाल तेव्हा खानवेल परत घाल. माझं नाव नको, स्कूटरही नको, कल्पना त्याचीच राहू दे. त्या वळणावर कोंडाबाईला बसव, पाटीत केळी ठेव आणि तुझ्या शेजारी वरुणला उभा कर. तिला तेच विचारू दे आणि तूही भरल्या तोंडाने तेच उत्तर दे. नुसत्या केळ्यांनी भागणार नाही, जुई. ते उत्तर ऐकलं की मग माणूस ती केळी विसरत नाही.

अजूनही थोडासा तुझाच,
पराग