कुसुम, रजा मंजूर झाली

प्रिय कुसुम,

काल बुलढाण्याला जाऊन आलो. रजा मंजूर झाली. दीड महिन्याची, पगारी. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सही केली. मागवलेला चहा यायच्या आत काम झालं. तेव्हापासून मी एका जागी बसू शकलेलो नाही. ही बातमी ज्या माणसाला सांगायची तेच माणूस नाही, म्हणून हे पत्र.

स्टँडवर, कंट्रोलरच्या खोलीत बसून लिहितो आहे. दोनची मेहकर गेली. चारची जालना यायची आहे. तिच्यातून टपालाची थैली जाते. त्या थैलीत मुंबईच्या एजंटाचं पाकीट टाकायचं की नाही हे मला चारच्या आत ठरवायचं आहे. आज नाही गेलं तर तो जागा दुसऱ्याला देणार. पाकिटात तो पी फॉर्म आहे. तुला तर तो माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. सरकार आपल्याला डॉलर देत नाही, म्हणून तिकडचं कोणीतरी आपल्याला खाऊपिऊ घालणार असं लेखी दाखवायचं, मग बँकेचा शिक्का, मग तिकीट. शेजारणीला तू हे समजावून सांगायचीस तेव्हा ती तोंडाला पदर लावून बसायची.

हे सगळं त्या हेल्गाबाईमुळे झालं, नाही का? जर्मनीची बाई, हातात हातोडी, सरोवराच्या काठचे दगड फोडायला आलेली. डाकबंगल्यात स्वयंपाकी नव्हता म्हणून तीन आठवडे आपल्याकडे जेवली. एकदा तव्यासमोर बसून म्हणाली, आमचं गावही अशाच खड्ड्यात आहे. आभाळातून पडलेल्या दगडानेच झालेला खड्डा, पण त्यात घरं आहेत, चर्च आहे, बाजार भरतो. मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीतून तुला सांगितलं. तुझी भाकरी करपली.

"खड्ड्यात गाव? मंग त्यात पानी काऊन नाई भरत?" तू विचारलंस.

ती म्हणाली, खड्डा एवढा मोठा आहे की आत राहणाऱ्याला आपण खड्ड्यात आहोत हे समजतच नाही. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "आपल्यासारकंच हाय मंग." हे मी तिला इंग्रजीत सांगू शकलो नाही. सांगायला हवं होतं.

ती गेली आणि आठ दिवसांनी तू मेथी निवडता निवडता म्हणालीस, "मले ते गाव पाहाचं हाय." मला वाटलं, ताप आहे, उतरेल. उतरला का? वाफ्यातली वांगी-मेथी बाजारात नेऊन तू जे बाजूला टाकत होतीस ते त्या दिवसापासून जर्मनीचं झालं. घरात काही विकत घ्यायचं म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं. "ते जर्मनीचं हाय."

आणि मीही त्या नादात सापडलो, हे कबूल करतो. तुला माहीत आहे, वेळापत्रक दिसलं की मला राहवत नाही. जुन्या ड्यूटी चार्टच्या पाठीवर मी लोणार ते हेल्गाबाईचं गाव असा तक्ता आखला. लोणार-जालना आपली लाल गाडी. जालन्याहून मनमाडपर्यंत छोटी रेल्वे, तिथून मोठी. मुंबईहून विमान. तिकडे उतरल्यावर पुन्हा रेल्वे. एजंटाने दोन वाटा कळवल्या. एक सरळ आणि महाग. दुसरी स्वस्त, पण बैरूतला विमान बदलायचं. आणि नोव्हेंबरात गेलं तर आणखी स्वस्त, कारण तेव्हा तिकडे थंडी असते, कोणी जात नाही.

"थंडी त फुकट हाय ना?" तू म्हणालीस. दुसऱ्याच दिवशी घोंगडीच्या कापडाचा कोट शिवायला रशीदभाईकडे गेलीस. त्या बिचाऱ्याने आयुष्यात बाईचा कोट शिवला नव्हता. "लुगड्यावरून घालाचा हाय, त्या हिशोबानं कापा," असं त्याला बजावून आलीस.

थांब, सुलतानपूरची गाडी आली. नोंद करून येतो.

आलो. काय सांगत होतो? बैरूत. माझ्या तक्त्यात बैरूतला विमान बदलायला चाळीस मिनिटं ठेवली होती. मला पुरेशी वाटली. मेहकरची गाडी उशिरा आली तर मी जालन्याची रोखून धरतो की नाही? ड्रायव्हर कुरकुरतो, भोंगा वाजवतो, पण मेहकरची माणसं चढल्याशिवाय मी शिट्टी मारू देत नाही. बारा वर्षं हेच केलं. म्हणून मी एजंटाला लिहिलं, मुंबईचे विमान विलंबाने पोचल्यास पुढील विमान कृपया रोखून धरावे, सोबत दोन उतारू आहेत, पैकी एक स्त्री. खाली सही आणि आपल्या स्टँडचा शिक्का.

त्याचं उत्तर आलं ते तू मला तीन वेळा वाचायला लावलंस. विमान कोणासाठीही थांबत नाही, एवढी एकच ओळ. तू दोन दिवस हसत होतीस. पाणी भरताना हसू, चूल पेटवताना हसू. शिक्का मारला म्हणे! आणि मग डोळे पुसून म्हणालीस, "विमान नाई थांबत त आपन थांबू. मंगचं विमान घेऊ. चौदा घंटे थांबू बैरूतात, धपाटे खाऊ, पाय लांब करू." ते तिकीट आणखी स्वस्त निघालं. तुझ्याइतका पक्का प्रवासी मी या स्टँडवर पाहिला नाही, कुसुम, आणि तू तर नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हतीस.

पण मला ती ओळ हसण्यासारखी वाटली नव्हती. विमान थांबत नाही. म्हणजे एकदा बसलं की उतरवा म्हणायची सोय नाही. मेहकरच्या जत्रेतला तो मोठा पाळणा तुला आठवतो का? लग्नाला महिनाही झाला नव्हता. वर गेल्यावर मी डोळे मिटले, ओरडून पाळणा थांबवायला लावला आणि खाली उतरून झाडामागे ओकलो. तुला सांगितलं, भजी शिळी होती. भजी ताजी होती.

आता ते दुसरं सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आणि इतका वेळ बैरूतात रेंगाळलो. मी तुला सांगितलं होतं की साहेब रजा देत नाहीत. पहिल्या वर्षी म्हणालो, माणसं कमी आहेत. दुसऱ्या वर्षी म्हणालो, साहेब म्हणतात कंट्रोलरला कसली जर्मनी. साहेब असं काही म्हणाले नव्हते. मी अर्जच केला नव्हता. कोरा कागद खिशात घालून बुलढाण्याला जायचो, कचेरीसमोर पेरू खायचो आणि परत यायचो. मला विमानाची भीती वाटत होती आणि ते तुला सांगायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

आणि आषाढात तू गेलीस. कावीळ, वीस दिवस. औरंगाबादला नेताना गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, "पुढच्या साली जाऊ. तुमी साहेबाले नीट विचारजा." मी हो म्हणालो. तेव्हा तरी खरं बोलायला काय झालं होतं मला?

काल साहेब सही करताना हसले. म्हणाले, "गजाननराव, एवढासा अर्ज आनाले दोन वर्षं लावले तुमी? बाई त मागच्या पोळ्यानंतर येऊन गेल्या इथं." मी म्हटलं, कोण बाई? "तुमच्या बाई. रजा काऊन देत नाई म्हनून विचारत होत्या. मी म्हनलं, अर्ज त येऊ द्या, आला अन् मी नाई म्हनलं असं झालं काय? चहा घेतला. जाताना म्हनल्या, त्याईले सांगू नोका मी आली होती म्हनून." मग त्यांच्या लक्षात आलं की तू आता नाहीस. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

मागच्या पोळ्यानंतर. म्हणजे डोळे दाखवायला बुलढाण्याला जाते म्हणालीस तो दिवस. मीच तुला खिडकीची जागा धरून दिली होती. संध्याकाळी परत आलीस, वांगी चिरायला बसलीस. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "डोये चांगले हायेत. सारं दिसते मले." मी म्हटलं, बरं झालं.

दहा महिने, कुसुम! तुला दहा महिने माहीत होतं की मी खोटं बोलतो आहे. का नाही बोललीस? एकदा ताट आपटायचं होतंस. शेजारणीसमोर चार शब्द सुनवायचे होतेस. मी चिडलो आहे तुझ्यावर, हे सांगून ठेवतो. चिडायचा हक्क मला नाही, तरी चिडलो आहे. ऐकवलं असतंस तर त्याच वर्षी मी निमूट गेलो असतो. गेलो असतो का?

काल परतीच्या गाडीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि मी सीटवरून उठून दारात उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, साहेब, बसा ना. बसवेना. त्या पोळ्यापासूनच तू मला रोज संध्याकाळी सरोवराच्या कड्यावर न्यायला लागलीस. "वाऱ्याले बसू," म्हणायचीस. आधी पार मागे, कडुलिंबाखाली. मग महिन्याभराने थोडं पुढे, तिथे दगड सपाट आहे म्हणून. मग आणखी पुढे, तिथून देवळं दिसतात म्हणून. होळीपर्यंत आपण अगदी काठावर बसत होतो, पाय खाली सोडून, आणि मी शेंगा सोलत खालचं हिरवं पाणी बघत होतो. तू माझा हात धरून ठेवायचीस. मला वाटायचं, बाईला या वयात लाड सुचले. तू मला तयार करत होतीस, होय ना? मी घाबरतो हे तुला कळलं होतं, आणि ते मी तोंडाने सांगावं म्हणून तू अडून बसली नाहीस. माझी लाज राखलीस आणि काम चालू ठेवलंस.

मला याचं काय करावं ते कळत नाही. कालपासून जेवण गेलेलं नाही. आज सकाळी दोन गाड्यांच्या नोंदी अदलाबदल केल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा.

बीबी गावचे माझे दादा परवा येऊन गेले. म्हणाले, "वर्षश्राद्ध झाल्याबिगर घरचा मानूस समुद्रापार जाते का? लोक काय म्हनतीन?" मोठा भाऊ आहे, मी उलट बोलत नाही. पण मी म्हटलं, दादा, तिला वाट बघायला लावून दोन वर्षं मी आधीच वाया घालवली, आता आणखी एक नको. ते चहा न घेता गेले. त्यांची समजूत मी आल्यावर काढीन.

एजंटाने लिहिलं आहे की पासपोर्टावरचं बाईंचं नाव कमी करून घ्या, म्हणजे विमानतळावर विचारपूस नको. आपल्या दोघांचा मिळून एकच पासपोर्ट, एकाच पानावर दोघांचे फोटो. तू फोटोत रागावल्यासारखी दिसतेस, कारण फोटोवाल्याने तुला पदर मागे घ्यायला सांगितला होता. ते नाव मी कमी करणार नाही. विचारपूस करतील तर करू देत. मला उत्तर येतं.

गाडीचा भोंगा ऐकू येतो. जालना आली वाटतं, पाच मिनिटं आधीच. थांब.

दिलं पाकीट. थैलीत माझ्या हाताने टाकलं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा होतो. ड्रायव्हरला थांबवून परत मागावं असं दोनदा वाटलं, तुला खोटं कशाला सांगू? आता खोटं नाही.

कुसुम, मला उंचीची भीती वाटते. लग्नाआधीपासून वाटते. हे तुला मी कधीच सांगितलं नाही, म्हणून आज लिहून देतो आहे.

तू गेल्याचं हेल्गाबाईला मी दोन ओळींत कळवलं होतं. तिचं उत्तर आलं आहे. तुमची खोली तशीच आहे, तुम्ही एकटे या, लिहिते. आणि पुढे विचारते, मागच्या वर्षी मी वाट बघत होते, तुम्हाला त्या लोकांनी रजा का दिली नाही? याचं उत्तर मी पत्रातून दिलेलं नाही. वचन देतो, चौदा तास बैरूतला बसेन, विमानात घाबरत बसेन, पण बसेन. तिच्या दारात पोचलो की आधी पिशवी खाली ठेवीन आणि आत पाऊल टाकायच्या आत सांगेन. रजा कोणी नाकारली नव्हती, मी मागितली नव्हती. कुसुम यायला तयार होती. एवढं इंग्रजीत नीट सांगता यावं म्हणून आजपासून पाठ करायला घेतो.

तुझा,
गजानन