टाकीत किती जण

३ फेब्रुवारी
अखेर नोकरी! भोंगवलीच्या अलीकडे माळावर जुन्या जहाजांचं भंगार तोडायचं यार्ड आहे. समुद्रकाठी जहाज कापतात, त्याचे मोठाले तुकडे ट्रेलरवर इथं येतात आणि इथं ते बारीक होतात. मी इथली सुरक्षा अधिकारी. फलटणला फोन केला तर आई म्हणाली, भोरात कसलं गं जहाज, तुला कुणीतरी फसवलंय! कामगार नऊ, हेल्मेटं दोन. त्यातल्या एकात मुकादम कुंडलिकमामा टोमॅटो ठेवतात. सगळे मला ‘शेपाली म्याडम’ म्हणतात. म्हणू देत बापडे. मामांचा डबा घेऊन त्यांच्या बायको कमळाबाई आल्या आणि न विचारताच माझ्या हातावर भाकरी-पिठलं ठेवलं. मला इथं आवडणार.

५ फेब्रुवारी
ट्रेलरवाल्या मानसिंगनं आज तेलाची टाकी उतरवली. खोलीएवढी मोठी, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, झाकण बोल्टांनी आवळलेलं. गडी चहालाही थांबला नाही. टाकीच्या तळाला गाळ आहे. त्याचं काय करायचं विचारलं तर यार्डाचे मालक शेठ फोनवर म्हणाले, ओढा आहे की! मागच्या टाकीचा गाळ तिथंच गेलाय. जाऊन बघितलं. पाण्यावर तेलाचा तवंग, काठाला मेलेले मासे, आणि म्हशी तोंड न लावता माघारी फिरतात. म्हशींना कळतं ते शेठला कळेना. मी ठणकावून सांगितलं, आतली हवा तपासल्याशिवाय कुणी उतरणार नाही, माझी सही मिळणार नाही. हवा तपासायचं यंत्र आहे म्हणे. बघितलं तर बंद!

६ फेब्रुवारी
भर दुपारी टाकीतून आवाज आला. टक, टक, टक. तीनदाच. उन्हानं लोखंड वाजतं, असं मीच सगळ्यांना समजावलं. मामांना पटेना. त्यांनी उभा जन्म विहिरींचा गाळ काढला. म्हणाले, “म्याडम, आतनं हाक आली की इचार करायचा न्हाई. उतरायचं.” मी भडकले. आतली हवा विषारी असली की पहिला पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. खोकला नाही, ठसका नाही, नुसती शुद्ध जाते. मामा म्हणाले, मग काय मानूस तसाच सोडायचा व्हय?

७ फेब्रुवारी
आज आभाळ, गारठा. तरी टक, टक, टक. मानसिंगला फोन लावला. आधी टाळाटाळ केली, मग बोलला. समुद्रकाठी त्या टाकीत एक कामगार उतरला. त्याला काढायला त्याचा भाऊ. दोघांना काढायला तिसरा. प्रेतं काढली, झाकण आवळलं, टाकी इकडं धाडली. ताई, उघडू नका, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. उद्या भोरला जाऊन यंत्राचं बघते.

८ फेब्रुवारी
मी भोरहून येईपर्यंत झाकण उघडं. मामा आत. ठोके ऐकून उतरले म्हणे. दोघं त्यांच्यामागं निघाले होते, त्यांना मी शिव्या घालून, पाय धरून अडवलं. तोंडाला नळ्या लावून आलेल्या लोकांनी दोन तासांनी मामांना वर काढलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही.
कमळाबाईंनी विचारलं, तू व्हतीस कुठं?

१० फेब्रुवारी
पंचनामा झाला. झाकण पुन्हा आवळलं. कामगार पळाले, शेठ फोन घेत नाहीत.
चार वाजता — टक, टक, टक, टक.
मोजायला चुकले असेन.
पुन्हा चारच.

११ फेब्रुवारी
एकटीच बसलेय. पळून गेले तर दुसरं कुणीतरी ऐकेल, उतरेल. नाही जमणार. भीती वाटते. खूप वाटते.
आज नुसते ठोके नाहीत. कुणीतरी ‘कमळे’ म्हणतंय. मामांचा आवाज. देवा, त्यांची चिता मी डोळ्यांनी बघितली —

१२ फेब्रुवारी, सकाळ
कमळाबाई आल्या. सुतकात, उंबरठा ओलांडून. मामांच्या चपला न्यायला. आणि त्यांनी ऐकलं — पाना उचलला — मी हात धरले, विनवलं — कानाखाली बसली माझ्या. धनी बोलवत्यात, सोड म्हणाल्या — बोल्ट काढले, उतरल्या.

फोन केलाय. गाडी यायला अर्धा तास.

टाकीवरच बसलेय. ज्याला ही वही सापडेल त्यानं — उतरायचं नाही. आधी हवा तपासायची. कुणीही हाक मारू दे, आई मारू दे —

टक. टक. टक. टक. टक.

पाच. म्हणजे कमळाबाई —

पण हात दिसतोय. टाकीच्या तोंडापाशी. बोटं हलतायत. मी उतरणार नाही, शपथ, उतरणार नाही, नुसता हात ध