थोपवून धरलेलं वय

माय, तुझं शहर पहिल्यासारखं उघडत नाही. भाऊबीज झाली तेव्हापासून मी त्याच्या मागे लागले आहे, आणि आता हातपाय गळाले म्हणून तुला लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगावं तर लोक हसतात. नवरा हसत नाही, पण म्हणतो, "दुसरं बांध ना मंग, तुले येते ना बांधता." म्हणजे हसल्यासारखंच झालं. तूही आधी हसलीच असतीस. "गेमच हाये ना वं तो," असं म्हणून मग माझं तोंड बघून शेजारी येऊन बसली असतीस.

तू बसायचीस कुठे, पडूनच असायचीस. अकोल्याला डायलिसिस करून आलीस की मेडशीच्या घरात तुझी खाट माझ्या खोलीत, कारण कूलर त्याच खोलीत होता. मी घरून टायपिंगची कामं करायचे आणि कामं नसली की शहर बांधायचे. या खेळात रिकामी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते ओढायचे, पाणी द्यायचं, वीज द्यायची, की घरं उभी राहतात आणि माणसं आपणहून राहायला येतात. मला वाटायचं तू झोपली आहेस. एका दुपारी मागून आवाज आला, "हे कोनतं गाव हाये वं?" मी म्हटलं, "कोनतंच नाही, म्याच बांधलं." तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बांधलं त बांधलं, पन बसाले जागा कुठी हाये? समदे नुसते जाऊनच राह्यले." मी सांगितलं की खेळात तशी सोय नाही. "मंग असा कसा गेम?" म्हणून तू कूस बदललीस. मला इतका राग आला होता तुझा! पण संध्याकाळी मी मॉड शोधायला बसले.

मॉड म्हणजे काय ते तुला समजावताना मी चांगली घोळात पडले होते. मूळ खेळात जे नाही ते कुठल्या तरी देशातला कोणीतरी रिकामटेकडा स्वतः बनवतो आणि इंटरनेटवर फुकट ठेवतो. आपण ते उतरवून आपल्या खेळाला जोडायचं. तू म्हणालीस, "म्हंजे कंपनीनं नुसतं वरन देल्लं, फोडनी आपली आपन द्याची." मग फोडण्यांना अंतच राहिला नाही. झाडाखालचा दगडी पार मिळाला. नदीकाठी धुणं धुवायच्या पायऱ्या मिळाल्या, त्या मुळात कुठल्या तरी परदेशी बंदरासाठी होत्या, तुला सांगितलं नाही. बायकांना नेसवायला लुगडं मात्र मिळेना, शेवटी साडी मिळाली, आणि तीही सगळ्या एकाच तऱ्हेनं नेसलेल्या. मॉड वाढत गेले तसे आपसांत भांडायला लागले. रस्त्यांच्या मॉडला गाड्यांचा मॉड खपत नव्हता, शहर उघडता उघडता बंद पडायचं. "जावा हायेत त्या," तू म्हणालीस. "एकीले आंदी उठव, दुसरीले मांगून. दोघी एकाच टायमाले चुलीपाशी आल्या का झालं." गंमत म्हणजे मॉड तसेच सांभाळावे लागतात, आधी कोण आणि मागून कोण हे ठरवून द्यावं लागतं. मी तसं केलं आणि शहर चालू झालं. त्या दिवशी तू भाकर अर्धी जास्त खाल्लीस.

आणि मग ते नाव. शहरातल्या कुठल्याही माणसावर बोट दाबलं की त्याचं नाव दिसतं, आणि ते आपल्याला बदलता येतं. मी तुला दाखवत होते. तळ्याकडून एक बाई चालत होती, चांगली ताठ. तू म्हणालीस, "हिचं नाव म्या सांगू काय?" बाबा ओसरीवर आहेत का ते आधी तू पाहिलंस. मग मला जवळ बोलावून एक नाव सांगितलंस, जे तुझं म्हणून मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. तुझं माहेरचं, किन्हीराजा गावातलं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर बाबांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं, कारण तुझ्या सासूचंही नाव तेच होतं आणि सासूच्या नावानं सुनेला हाक मारणार कोण? माहेरचे लोकही हळूहळू बाई म्हणायला लागले. तू ते हसत सांगितलंस. मी अक्षर अक्षर टाईप केलं आणि तू पडद्याकडे बघत म्हणालीस, "कोनाले सांगजो नको. उगाच चर्चा." मग रोज विचारायचीस, ती कामाला लागली का, जेवते का, नवरा कसा आहे. एकटीच राहते म्हटलं तर म्हणालीस, "बरं हाये."

पण त्या खेळातली माणसं भराभर म्हातारी होतात माय. काही महिन्यांत तिच्या नावाखाली इंग्रजीत वृद्ध असं लिहून आलं. तुला ते वाचता आलं नसतं, पण माझं तोंड तुला नेहमीच वाचता यायचं. मी रडकुंडीला येऊन शोधलं आणि एक मॉड सापडला, माणसांचं वय थोपवून धरणारा. तो जोडला की जो जसा आहे तसा राहतो. तुला सांगितलं. तू उशीवर मान टाकून म्हणालीस, "माह्यासाठी नाही काय वं असं काई?" मस्करीतच म्हणालीस. मी उठून पाणी आणायला गेले आणि पाणी न घेताच परत आले.

तू गेलीस. मी लग्न होऊन वाशिमला आले तेव्हा तो कम्प्युटर कापडात गुंडाळून आणला आणि त्याला पुन्हा कधी इंटरनेट दाखवलं नाही, कारण इंटरनेट मिळालं की खेळ आपोआप नवा होतो आणि जुने मॉड त्याला चालत नाहीत. सासरी काही बिनसलं, किंवा उगाचच, की मी तो लावायचे. तळ्याकाठून ती बाई चाललेली असायची. मी काही बांधायचे नाही, मोडायचे नाही. नुसती बघायचे.

भाऊ केबलचं काम करतो, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा तो हॉस्टेलवर होता, शेवटी आला आणि खाटेपाशी उभा राहिला, तेवढंच. यंदा भाऊबीजेला मी ओवाळलं तर ताटात काही टाकेना. म्हणाला, "तुही ओवाळणी भिताडावर लावली." मी स्वयंपाकात असताना त्यानं भिंतीवर डबी ठोकून घरात इंटरनेट जोडलं होतं, आणि सगळीकडे चालतं का बघायला त्या कम्प्युटरलाही. केवढ्या हौसेनं केलं होतं त्यानं! मी पुरणाच्या हातानं धावत गेले तोवर खेळ नवा झाला होता. त्याच्यासमोर मी हसले. तो गाडीवर बसून गेला आणि मी मोरीत जाऊन ओरडले, त्याला दुसरा शब्द नाही.

मग सुरू झालं ते अजून चालू आहे. शहर उघडताना मधेच बंद पडायचं. दोष कोणाचा ते शोधायचं तर अर्धे मॉड बंद करायचे, उघडून बघायचं, मग उरलेल्यातले अर्धे. जुना कम्प्युटर, एकेक खेप भात शिजेपर्यंत चाले. भात करपले. शेवटी गुन्हेगार एकच निघाला, आणि तो कोण असणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वय थोपवणारा. त्याच्या कर्त्याला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाया पडून लिहिलं. उत्तर नाही. खेळणाऱ्यांच्या अड्ड्यावर विचारलं, तर एका भल्या माणसानं लिहिलं की कर्त्यानं हा नाद केव्हाच सोडला, आता नवीन कोणी करणार नाही. त्या मॉडशिवाय शहर उघडेल. पण उघडल्यावर वेळ थांबलेली असते तोवरच ठीक. वेळ चालू केली की थोपवून धरलेली सगळी म्हातारी माणसं एकापाठोपाठ मरतील. त्यानं पुढे हसणारा चेहरा काढला होता.

मी उघडलं. बंद पाडणारा तेवढा एकच, पण नव्या खेळात इतरही बरेच मॉड नुसते गळून पडले होते. पार गेलेला, तिथे नुसती माती. पायऱ्या गेल्या. पण ती होती, तळ्याकाठी, एक पाय उचललेला. साड्यांचा मॉड गेल्यामुळे निळी पँट आणि जाकीट घातलेली. पण नाव तेच. मी रोज उघडते आणि तो उचललेला पाय बघते. तो खाली टेकला की ती मेली. नाही टेकला तर ती काय, भिंतीवरच्या फोटोसारखीच. यातून वाट नाही माय. मी फार विचार केला, वाट नाहीच. जेवण जात नाही. एका खेळापायी असं करतेस म्हणून मीच मला शिव्या घालते आणि पुन्हा उघडते.

एवढं लिहून मधे काही दिवस गेले माय. नवऱ्यानं भावाला फोन केला असणार. रविवारी दुपारी तो गाडीला शिडी बांधलेलीच घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "मायच्यान बाई, मले म्हाईत नव्हतं त्यानं बिघडन म्हनून." मग माझ्या शेजारी बसला. पडद्यावर शहर थांबलेलं होतं. त्यानं बोट ठेवलं. "हे कोन हाये?"

"माय."

"मायचं नाव हे नाही."

"लग्नाआंदीचं हाये."

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नाव वाचलं, आवाज न करता, नुसते ओठ हलवून. मग म्हणाला, "मले काहून नाही सांगतलं कोनी?" मला वाटलं रागावला. डोळे पुसत होता. मग एकदम हसू आलं त्याला. "मायनं पँट घातली वं!" मीही हसले. किती दिवसांनी हसले. आणि त्यानं विचारलं, "हे चालते काय?"

"चालते."

"मंग चालव ना बाई. म्या त तिले शेवटी खाटेवरच पाह्यलं."

बिघडला आहे, चालत नाही, एवढं म्हणणं काही कठीण नव्हतं. पण तो असा पुढे वाकून बसला होता. तुझ्यातलं माझ्याकडे एवढं सगळं आणि त्याच्याकडे काहीच नाही, हे मला तेव्हाच दिसलं. मी वेळ चालू केली.

पाय टेकला. ती चालली माय. तळ्याच्या कडेनं, मग दुकानांच्या रांगेकडे, ताठ. भाऊ म्हणत होता, "पाह्य, पाह्य, कशी जाऊन राह्यली!" कोपऱ्यावर वळली आणि तिच्या नावाची चौकट मिटली. "कुठी गेली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दुकानात. भाजी घेत अशीन." त्याला पटलं. चहा प्याला, खारी खाल्ली, आणि निघताना म्हणाला, "पुढच्या आयतवारी पोरीले आनतो, आजी दाखवाले." मी बरं म्हटलं.

पाय उचललेली ती अजून आहे, तेवढं मी वेगळं सेव्ह करून ठेवलं आहे. पण तिला पुन्हा उघडून पुन्हा चालवायची माझ्यात हिंमत नाही. हे लिहिलेलंही ठेवणार नाही, भावाच्या हाती लागलं तर काय सांगू? तुला एकदा वाचून दाखवते आणि पुसते. पण एक तुला सांगायलाच हवं. आज सकाळी त्या चाललेल्या शहरात मी दुसरी एक बाई शोधली, तरुण, भाचीला दाखवेपर्यंत टिकेल अशी. तिच्या नावावर तुझं नाव टाईप केलं. तिचं आधीचं नाव काय होतं, ते मी वाचलंसुद्धा नाही.