प्रदीपकाकांना कोट नको

बोईसर, रविवार

तीर्थरूप नागोराव मामांना,

भाग्येशने इथूनच जमिनीला डोकं टेकवलं आहे असं समजावं. (टेकवलेलं डोकं तापलेलंच आहे, ते तुम्हाला नवीन नाही.) मामींचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? ज्ञानेश्वरीताईचं बाळ आता बसायला लागलं असेल. आई बरी आहे. पहाटे खोकते आणि सकाळी विचारलं की मी कुठे खोकले म्हणते. खिशात मोबाईल असताना पोरगं पत्र का लिहितंय, असं तुम्हाला वाटेल. तर फोनवर तुम्ही 'हॅलो'च्या आधी "कॉलेजचं काय केलंस?" विचारता आणि पुढे आपलं भांडणच होतं. कागदाला मधे तोंड घालता येत नाही. आणि हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

बाबा गेल्यावर मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि चंद्रभान शेठच्या फोटो-झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलो, एवढं तुम्हाला माहीत आहे. काम काय करतो ते सांगितलं नव्हतं. सकाळी जिवंत माणसांचे पासपोर्ट फोटो, दुपारनंतर मेलेल्यांचे मोठे. मेलेला आला (म्हणजे त्याचा फोटो आला) की शेठची ठरलेली पद्धत आहे : मुंडकं तेवढं कापायचं, मागे निळा पडदा टाकायचा आणि खाली कोट चिकटवायचा. कॉम्प्युटरमध्ये कोट एकच, राखाडी, टायसकट. एमआयडीसीतला हेल्पर असो, डोंगराकडचा शेतकरी असो, अर्धं बोईसर त्या एकाच कोटात वर गेलंय. तिथल्या दारावर ओळख पटवताना काय गोंधळ होत असेल! आमचे बाबाही त्याच कोटात भिंतीवर आहेत. बाबांनी लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता, तुम्हीच सांगता. मला रोज वाटतं, कुठला तरी बँक मॅनेजर गळ्यात हार घालून आमच्या घरात बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही.

आता दीपाली. (इथून पुढे मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका.) कॉलेजात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरची, घरची बोट. आता एमआयडीसीत पॅकिंगला आहे. मी तिच्याशी कॉलेजात एकूण जेवढं बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल, पण मनातल्या मनात आमचा संसार बराच पुढे गेला होता. तर तिचे बाबा, प्रदीपकाका, बोटीवर जाळं ओढता ओढता छातीला हात लावून बसले ते बसलेच. मासळी तशीच ठेवून बोट त्यांना घेऊन परत आली. दहाव्याच्या आधी बॅनर लागायला हवा, म्हणून दीपाली आणि तिचा भाऊ सुजित दुकानात आले. सुजित मोठ्या जहाजावर कामाला असतो. काकांचा समोरून काढलेला एकच फोटो होता, नारळी पुनवेचा, सुजितच्या आयफोनमध्ये.

केबल लावून फोटो आमच्या कॉम्प्युटरवर घेतला, तर उघडेचना. त्या फोनचे फोटो वेगळ्याच जातीचे असतात, एचईआयसी म्हणतात. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाहीत. सगळीकडे चालतो तो जेपीजी. दीपालीसमोर मला अडलंय असं दिसायला नको, म्हणून मी फाइलच्या नावाच्या शेपटीचं एचईआयसी खोडलं, तिथे जेपीजी लिहिलं आणि ऐटीत पालघरच्या बॅनरवाल्याला पाठवून दिलं. त्याचा फोन आला, "क्या कचरा भेजा है?" कचरा! मामा, मी बाईक काढली, पालघर गाठलं आणि त्याची कॉलर धरली. त्याने धरू दिली आणि फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे काका नव्हतेच, नुसती इंग्रजीत एक तक्रार होती. पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, हे तिथे कळलं. मग त्याच माणसाने मला खरं कन्व्हर्ट कसं करायचं ते शिकवलं आणि वर चहा पाजला. इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉम्प्युटरवर काका उघडले. बोटीवर उभे, उघडेबंब, खांद्यावर रुमाल, उन्हाने डोळे बारीक केलेले. शेठ मागून म्हणाले, "कोट घाल." सुजितही म्हणाला, "घाला. बरा दिसंल." दीपाली म्हणाली, "नको. बाबाला शर्टपण सोसायचा नाय." शेठ म्हणाले, उघडा माणूस चौकात लावला तर दुकानाचं नाव जाईल. मी हातातलं स्टेपलर भिरकावलं, ते लॅमिनेशन मशीनला लागलं. कोट राहिला बाजूला. नवापूरच्या नाक्यावर प्रदीपकाका उघड्या अंगाने लागले आणि म्हातारे मच्छीमार बॅनरखाली थांबून त्यांच्याशी बोलून जायला लागले.

दहावं झालं, सुजित जहाजावर गेला, त्याचा फोनही त्याच्याबरोबर गेला. तिकडे रेंज नाही. फ्रेम न्यायला दीपाली एकटी आली तेव्हा मी कॉम्प्युटर साफ करत होतो. त्या फोटोच्याच नंबरची आणखी एक फाइल होती. पुसण्याआधी सवयीने उघडली, तर काका हलले आणि बोलले, "झाला का नाय रं अजून? पाय भाजतात माजे!" आणि संपलं. (तो फोन फोटो काढताना आधीमागचं जरासं हलतं-बोलतंही धरून ठेवतो. जेपीजी केलं की ते गळून पडतं.) दीपालीने काउंटर घट्ट धरला. "परत लाव." मी परत लावलं. मग म्हणाली, "आयच्या फोनवर घालून दे ना." तिच्या आईच्या साध्या फोनवर ती फाइल उघडत नव्हती. कन्व्हर्ट करायचं काम चहा गाळण्याएवढं. मी म्हणालो, "याला वेळ लागतो."

मामा, मग ती रोज कंपनी सुटल्यावर यायला लागली. मी रोज एकदा आवाज लावायचो, ती ऐकायची, आणि फाइलचं काय विचारलं की कधी नेट स्लो, कधी व्हायरस. एकदा तर मी प्रिंटरच्या अपडेटची सरकती पट्टी दाखवून "हे बघ, चाललंय" म्हणालो. मला वाटायचं, ती माझ्यासाठीच येते, आवाज नुसतं निमित्त. (हसू नका. तुम्ही मामींच्या गावाला सायकल दुरुस्तीसाठी जायचात.)

मग एक दिवस तिची आई, शकूमावशी, मासळीची पाटी घेऊन थेट दुकानात. शेठ नाकाला रुमाल लावून मागे सरकले. "पोरगी रोज सांगते, बाबाचा आवाज अजून शिजतोय. कवा शिजल रे?" मी फाइल लावली. "झाला का नाय रं अजून? पाय भाजतात माजे!" मावशी स्क्रीनकडे बघून लगेच म्हणाल्या, "झाला, झाला. चल जेवाला." रोजच्यासारखं. मग पाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. त्यांनी पदर सोडला तोवर फाइल त्यांच्या फोनवर गेली होती. "एवढासाच वेळ?" त्यांनी विचारलं. शेठकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी दीपाली आली, पण पायरी चढली नाही. "ये म्हणून सांगायचास ना. बाबाला कशाला अडकवून ठेवलास?" जाता जाता म्हणाली, "तुजे बाबा कसे बोलायचे रे?" मी नक्कल करायला तोंड उघडलं. मामा, बाबांचा आवाज निघेना. घरी येऊन सगळा मोबाईल उपसला. नुसता कोटच. ती आता पलीकडच्या रस्त्याने जाते.

बाकी ठीक. मामींना नमस्कार, बाळाला पापा.

तुमचा,
भाग्येश

ता. क. : लॅमिनेशन मशीनचं आईला सांगू नका. स्टेपलरचं शेठनी सांगून झालंय.

आणखी ता. क. : काही मागायला लिहिलेलं नाही असं वर म्हटलंय, ते खोडत नाही, कागद घाण दिसतो. ज्ञानेश्वरीताईच्या हळदीला तुम्ही तुमच्या जुन्या फोनवर पंगतीचं शूटिंग केलं होतं. त्यात बाबा वाढत होते. तो फोन मामींच्या पेटीत असेल. व्हॉट्सॲपवर टाकू नका, तुमच्या वसमतच्या कुठल्या दुकानदाराच्या हातात देऊ नका, बंद पडला असेल तर चालू करू नका. रुमालात गुंडाळून ठेवा. मी न्यायला येतो. आल्यावर कॉलेजचं विचारा, भांडणार नाही.

शेवटचं : मला आठवतं, त्या पंगतीत मी आचाऱ्याशी भांडत होतो आणि बाबा माझ्यावर ओरडत होते. तेवढं कापू नका.